डाव्या बाजूची तीन छिद्रे

धुळे,
भाद्रपद शुद्ध षष्ठी

प्रिय चेलना,

जयजिनेंद्र सकाळी फोनवर झाले आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. त्या चार मिनिटांच्या बोलण्यात मी एक वाक्य चुकीचे बोललो. ते कोणते, हे पत्राच्या शेवटी येईल. लहानपणी तू गोष्टीचे शेवटचे पान आधी वाचायचीस. या वेळी तसे करू नकोस. मागची विधाने एकेक करून तपासल्याशिवाय शेवटचे विधान तू स्वीकारू नयेस, अशी माझी इच्छा आहे. एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला माणूस घरच्यांना पत्र लिहायला बसला की ते असेच होते, असे तुझी आई म्हणत असे. तिचे बरेच म्हणणे खरे होते. त्याकडेही पुढे यायचे आहे.

बातमी जीपची आहे. तू एकदा म्हणाली होतीस, की ती भंगारात देऊन टाका, मला ती दिसायला नको. मी दिली नाही. घरामागच्या शेडमध्ये ती उभी राहिली. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून पाहत असे, एवढाच तिचा माझा संबंध. चैत्रात पिंपळनेरच्या गोशाळेचे दोघे विश्वस्त घरी आले. रस्त्यात जखमी होऊन पडलेली वासरे उचलून आणायला त्यांना घाटात आणि पाड्यावरच्या वाटांवर चालेल अशी गाडी हवी होती. जीप त्यांना द्यायचे मी ठरवले. मात्र दानात दिलेली वस्तू वरून रंगवलेली आणि आतून कुजलेली असू नये, म्हणून आषाढात ती ओढवून ज्ञानेश्वरकडे नेली. पारोळा रस्त्यावर त्याचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. वयाने तो पन्नाशीचा, बोलण्यात तिखट, हाताने अचूक. त्याच्याकडे मी या दोन महिन्यांत रोज सकाळी दोन तास स्टुलावर बसलो. पहिल्या आठवड्यात त्याला वाटले, मी त्याच्यावर पाळत ठेवतो आहे. नंतर त्याला सवय झाली.

पहिल्या दिवशी त्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि तो फडक्यात गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवू लागला. जिथे पत्रा आहे तिथे चुंबक ओढला जातो. जिथे पत्रा जाऊन लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे तिथे तो घसरून पडतो. बॉनेटवर चुंबक चिकटला, मागच्या मडगार्डवर चिकटला, उजव्या दारावर चिकटला. डाव्या दाराखाली, पायरीच्या वर, तो सलग दीड हात घसरत गेला. ज्ञानेश्वरने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे ठोकले. आवाज बद्द आला. “नाना, आठे पत्रा नही शे. नुसती लांबी शे, लांबीना वर रंग शे,” तो म्हणाला. मग माझी परीक्षा पाहावी तसे विचारले, “मारी देऊ का परत रंग? दिवाळीलगून चमकी.” मी विचारले, दिवाळीनंतर काय. “मंग फुगा ई.” मी म्हणालो, फुगा यायला नको, कापून काढ. त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. लोक त्याला सहसा उलटे सांगत असावेत.

ती लांबी तिथे कशी आली, हे मला माहीत होते. मीच भरून घेतली होती. तू ते काम पाहिलेले नाहीस. आईच्या अपघातानंतर महिनाभराने मी एका मिस्त्रीला घरी बोलावले. दाराखालची तुटलेली पोकळ पेटी कापून आत बघू का, असे त्याने विचारले. मी त्याला म्हणालो, “आत बघण्याचे कारण नाही; कारण कळलेले आहे.” हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे, कारण ते मला शब्दशः आठवते. त्याने बाहेरून पातळ पत्रा बसवला, वर लांबी थापली, घासली, रंगवली. काम सुबक झाले होते.

आता मागे जाणे भाग आहे. यातले बरेच तुला माझ्याइतकेच माहीत आहे, पण युक्तिवादात माहीत असलेली विधानेही लिहावी लागतात. ही जीप मुळात फैजपूरच्या आपल्या दुकानाची. काकांनी तशाच दोन गाड्या एकदम घेतल्या होत्या; त्यांतली एक पुढे आपल्याकडे आली आणि तू तिच्यावर चालवायला शिकलीस. मला कधी जमले नाही ते तुला तीन आठवड्यांत जमले. दर रविवारी सकाळी तू ती पाइप लावून धुवायचीस, डाव्या बाजूने सुरुवात करून पूर्ण फेरी मारून परत डाव्या बाजूला यायचीस. आईला तू जीपने भाजीबाजारात, स्थानकात, तिच्या बहिणीकडे न्यायचीस, आणि ती शेजारणींना सांगायची, की माझा ड्रायव्हर पदवीधर आहे. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तुम्ही दोघी फैजपूरहून लग्न आटोपून परतलात. दुपारचे चार वाजले होते. मी फाटक उघडायला बाहेर आलो होतो, म्हणून मी प्रत्यक्षदर्शी आहे. आईने दार उघडले, डावा पाय पायरीवर ठेवला, आणि पायरी ज्या लोखंडी पेटीला बोल्टने जोडलेली होती त्या पेटीचा तळच सुटून खाली आला. आई पायरीसकट पडली. खुब्याचे हाड मोडले. पडल्यावर तिने पहिल्यांदा विचारले ते डब्यातल्या लाडवांबद्दल. ते तूच मला नंतर सांगितलेस; मला ते ऐकू आले नव्हते.

ऑपरेशन झाले त्याच्या चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी आपण बसलो होतो. फैजपूरहून काका-काकू आले होते. काकांनी सहज विचारले, की पत्रा असा अचानक कसा गेला. त्यांना उत्तर नको होते; असे प्रश्न लोक हळहळ म्हणून विचारतात. मी उत्तर दिले. पाण्याशी वारंवार संबंध आला की लोखंड गंजते, हा नियम मी आधी मांडला. आपली जीप दर आठवड्याला पाइपने धुतली जाते, हे त्याखाली ठेवले. मग उदाहरण: तुमच्याकडची जोडीची जीप, त्याच कारखान्याची, त्याच वर्षाची, महिन्यातून एकदाही न धुतलेली, तिचा पत्रा शाबूत. दोन्ही गाड्यांत फरक एकच, तो धुण्याचा. म्हणून पत्रा गेला तो धुण्याने. काका म्हणाले, “भाईसाब, पोरगी समोर बसली आहे. हे कॉलेज नाही.” तू पोळीचा तुकडा ताटात ठेवलास आणि म्हणालीस, “म्हणजे माझ्यामुळे.” मी म्हणालो, “निष्कर्ष तोच निघतो.”

तू वाद घातला नाहीस. घालायला हवा होतास, पण मी तुला जे शिकवले होते त्याप्रमाणे माझ्या म्हणण्यात तुला खोट सापडली नाही. संध्याकाळी तू जीपची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवलीस. मी ती खणात टाकली. ती मी मागितलेली नव्हती, हे खरे आहे, आणि परत दिली नाही, हेही खरे आहे. त्यानंतर तू कोणतीच गाडी चालवलेली नाहीस. जळगावला तुझ्या दारात गाडी उभी असते आणि तू धुळ्याला एस.टी.ने येतेस. तुझ्या नवऱ्याने एकदा मला विचारले होते, की चेलनाला स्टिअरिंगची एवढी भीती का वाटते. मी म्हणालो, स्वभाव असतो एकेकाचा.

आई नंतर अकरा वर्षे काठीवर चालली. तिला जमिनीवर मांडी घालून सामायिकाच्या ध्यानाला बसता येईना, म्हणून लोकरीचे आसन खुर्चीवर अंथरून बसायची. आसन लहान आणि खुर्ची मोठी, तर ते सारखे घसरायचे आणि तू आलीस की त्याला चार टाके घालायचीस. तुझ्यामागे ती मला अधूनमधून म्हणायची, “पत्र्याचं वय झालं होतं, पोरीचं काय चुकलं?” मी तिला सांगायचो, की हे मत झाले, कारण नव्हे. वय तर दोन्ही गाड्यांचे सारखेच होते. ती म्हणायची, “तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी वकील करावा लागतो,” आणि भाजी निवडायला लागायची. तिच्याजवळ पुरावा नव्हता. निष्कर्ष मात्र तिचा माझ्यापेक्षा सत्याच्या जवळ होता, हे मला तिला सांगता आले नाही. तिला जाऊन तीन वर्षे झाली.

आता श्रावण. ज्ञानेश्वरने ग्राइंडर लावून डाव्या बाजूची पेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली. मी ठिणग्यांपासून दूर सरकून बसलो होतो. पेटी म्हणजे दारांखालून गाडीच्या लांबीइतकी जाणारी पोकळ लोखंडी नळी, चौकोनी. बाहेरची लांबी सोलून निघाली, तिच्यामागचा पातळ पत्राही निघाला, आणि आत ओंजळी ओंजळी तपकिरी खपल्या होत्या, वाळलेल्या पानांसारख्या एकावर एक. मी विचारले, की बाहेरून एवढे पाणी आत शिरते का. तो म्हणाला, “बाहेरना गंज दिखस, नाना, त्याले पॉलिश पेपर पुरस. हाऊ मझारथीन येल शे.” हा गंज आतून आलेला म्हणजे कसा, ते मग त्याने मला समजावले. वरच्या सांध्यांतून, दाराच्या रबराखालून, थोडे पाणी पेटीत उतरतेच. पावसाचे असो, धुण्याचे असो. ते कोणालाच थांबवता येत नाही. म्हणून कारखाना पेटीच्या तळाला प्रत्येक बाजूला तीन छिद्रे ठेवतो. पाणी येते आणि जाते. पत्रा भिजतो आणि वाळतो. भिजण्याने तो मरत नाही. वाळायला न मिळाल्याने मरतो.

हे सांगता सांगता तो खपल्या उकरत होता. त्यातून त्याने सुपारीएवढा एक कडक गोळा काढून माझ्या हातात ठेवला. मग दुसरा. तिसरा तळाच्या उरलेल्या पत्र्यातच घट्ट बसलेला होता, भोवती लोखंडाची कडी राहिली होती तेवढी. “हाऊ बोळा कोनी कोंबा?” तो म्हणाला. “बठ्ठं पानी आठेच तुंबनं. ज्यानी हाई बूच मारं, त्यानीच गाडी खादी.” गोळा लांबीचा होता, खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ती. मी तो दगडावर ठेवून फोडायला सांगितला. आत कापडाची घडी निघाली. पांढरे दुपदरी कापड, कडेला लाल दोऱ्याची शिलाई. आपल्या घरचे पाणी गाळायचे गळणे. लाल दोऱ्याने कड शिवायची ती तुझ्या आईची पद्धत होती, कारण पांढरा दोरा तिला संध्याकाळी दिसत नसे. मी ज्ञानेश्वरला सांगितले, की हे कापड आमच्या घरचे आहे. तो म्हणाला, “मंग नानीनी कोंबा व्हई.” क्षणभर मला ते उत्तर उपलब्ध होते. मृत माणसाकडून खंडन होत नाही. मी म्हणालो, नाही, तिने नाही.

बोळे मी घातले होते. अपघाताच्या पाच वर्षे आधीचा चातुर्मास. जीप अंगणात डावी बाजू भिंतीकडे करून उभी असायची, आणि त्या भिंतीत मुंगळ्यांचे वारूळ होते. एका रविवारी तू गाडी धुऊन गेल्यावर त्या छिद्रांतून ओघळणाऱ्या पाण्याबरोबर मेलेले मुंगळे बाहेर येताना मी पाहिले. ते आत राहायला जातात आणि धुण्याच्या पाण्यात बुडतात, हे उघड होते. तुला गाडी धुऊ नकोस म्हणणे मला अन्यायाचे वाटले. तुझा त्यात दोष नव्हता. म्हणून चतुर्दशीच्या दिवशी मी पूंजणी, ती लोकरीची मऊ झाडणी, घेऊन खाली बसलो, दोन तास वाट पाहिली, मुंगळ्यांची रांग पूर्ण बाहेर पडू दिली, मऊ हाताने छिद्रांची तोंडे झाडली, आणि जुन्या गळण्याचे तीन तुकडे करून, लांबी लावून, ती बंद केली. मुद्दाम गळण्याचेच कापड घेतले, कारण ते जीवरक्षणाचेच कापड. त्या दिवशी मला समाधान वाटले होते. ती छिद्रे तिथे कशासाठी आहेत, हा प्रश्न मला सुचला नाही. आणि पुढे मी ते विसरलो. चांगले म्हणून केलेले कृत्य माणूस तपासासाठी लक्षात ठेवत नाही.

इथे तुझ्या मनात शंका येईल, आणि यावी: पाणी तर शेवटी तुझ्याच पाइपचे होते. मीही हीच शंका घेतली. ज्ञानेश्वरला म्हणालो, उजवी बाजू पाहू. गुडघ्यामुळे मला वाकता येईना, तेव्हा त्याने भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून गाडीखाली धरला आणि बॅटरी लावली. उजव्या बाजूची तिन्ही छिद्रे उघडी होती. मी तिथे कधी हात लावला नव्हता, कारण त्या बाजूला वारूळ नव्हते. त्याने छिद्रातून तार घातली, ती खडखडीत कोरडी बाहेर आली. पायरीचा एक बोल्ट काढून आत बोट फिरवले, बोटाला धूळ लागली, गंज नाही. कारखान्याचा मूळ रंग आत तसाच होता. “हाई बाजू तं नवी नवरी शे, नाना,” तो हसला, “डावी बाजूनी काय चुकी व्हती?” चेलना, एकच गाडी, एकच वय, तेच पाणी, तोच पाइप, तोच हात, दर रविवारी दोन्ही बाजूंना सारखाच. एक बाजू कुजली, दुसरी शाबूत राहिली. दोहोंत फरक एकच, तो माझ्या बोळ्यांचा. फरकाची पद्धत मी एकतीस वर्षे फळ्यावर शिकवली आणि याहून शुद्ध उदाहरण मला कधी मिळाले नव्हते. त्या दिवशी टेबलाशी मी तुलनेसाठी नव्वद-शंभर मैलांवरची फैजपूरची जीप आणली. ज्या तुलनेने तू निर्दोष ठरली असतीस ती अंगणातच उभी होती. गाडीला एक फेरी मारून पलीकडून पाहायचे होते. तू दर रविवारी मारत होतीस तेवढी एकच फेरी.

मुंगळ्यांसाठी मी दोन तास थांबलो होतो. तुझ्या बाबतीत मी चार दिवस थांबलो, पण ते चार दिवस चौकशीत गेले नाहीत, वाक्ये नीट बसवण्यात गेले.

दुरुस्ती कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण ती नीट झाली आहे आणि गाडी पुढे कोणाच्या तरी पायाखाली जाणार आहे. ज्ञानेश्वरने गंज जिथे दिसत होता तिथे थांबून कापले नाही. त्याच्यापुढे चार बोटे, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापले. तो म्हणतो, की कडेला गंजाचा ठिपका ठेवून वेल्डिंग केले तर नवा पत्रा जुन्याचा रोग घेतो. नवी पेटी जाड पत्र्याची वाकवून केली. बंद करण्याआधी तिला आतून दोन हात प्राइमर दिला, कारण एकदा बंद झाल्यावर आत ब्रश जात नाही. वेल्डिंगने जळलेल्या जागा घासून त्यांवर गंज मारणारे ॲसिड लावले, धुतले, वाळवले, पुन्हा प्राइमर दिला. सांधे भरले. खालून काळा जाड थर मारला. शेवटी छिद्रातून नळी घालून आत मेणाचा फवारा द्यायचा होता. मी विचारले, मेण मधमाशांचे आहे का. तो म्हणाला, “पेट्रोलनं शे, नाना. मधमाशी आराममा शे.” मग थांबून म्हणाला, “पन आते छिद्र बुजू नका हां.” मी दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदा हसताना सापडलो, असे त्याचे म्हणणे आहे. छिद्रांवर त्याने बारीक पितळी जाळी बसवली आहे. पाणी जाते, मुंगळा शिरत नाही. हा उपाय इतका सोपा होता, की त्याबद्दल अधिक लिहिणे मला अवघड जाते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तार घालून जाळी मोकळी आहे ना ते पाहायचे. पायाखालची रबरी चटई उचलून खाली ओल नाही ना ते पाहायचे. गोशाळेसाठी हे मी कागदावर लिहून गाडीत ठेवले आहे.

आता शेवटचे विधान. अपघातापासून दर संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन येतो. बाकीचे लोक छापील क्षमापना पाठवतात, हल्ली चित्रे पाठवतात, ‘कळत नकळत काही घडले असेल तर’ असे त्यांवर लिहिलेले असते. तू कधी ‘काही’ म्हणाली नाहीस. तू दरवर्षी म्हणतेस, “बाबूजी, आईच्या पायाबद्दल मिच्छामि दुक्कडम्.” आई असेपर्यंत ती माझ्या हातातून फोन ओढून घ्यायची आणि म्हणायची, “चल वेडे, त्यात काय खमावायचं,” आणि मी तिच्याकडून फोन परत घेऊन म्हणायचो, “क्षमा केली.” पंधरा वेळा. त्यांतल्या चौदा वेळा मी अज्ञानात होतो. पंधरावी वेळ आज सकाळची. ते तीन बोळे अठरा दिवसांपासून माझ्या टेबलावर, पेपरवेटशेजारी आहेत. तू बोललीस तेव्हा मी त्यांच्याकडेच पाहत होतो. तुझे वाक्य संपल्यापासून माझे सुरू होईपर्यंत दुसरे उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता, आणि मी म्हणालो, “क्षमा केली.” बोळे घातले ते न जाणून. तुला दोषी ठरवले ते न पाहता. आजचे मात्र जाणून आणि पाहून. क्षमा देणाऱ्याच्या जागी बसून राहण्याची मला सवय झाली होती आणि उठवेना. म्हणून हे पत्र आजच्या आज लिहितो आहे. पंधराही वेळा तुला दिलेली क्षमा मी मागे घेतो, कारण ती द्यायचा मला अधिकार नव्हता. तुझ्याकडे दोष नव्हता. आई तुझ्यामुळे पडली नाही. माझ्या हाताने पडली. आईच्या पायाबद्दल, त्या टेबलावरच्या वाक्याबद्दल आणि आज सकाळच्या दोन शब्दांबद्दल, चेलना, मिच्छामि दुक्कडम्. तू हो म्हणावेस असा माझा युक्तिवाद नाही. या ठिकाणी माझ्याकडे युक्तिवाद नाही. गाडी पुढच्या महिन्यात पिंपळनेरला पोहोचवायची आहे. ज्ञानेश्वर चालवायला तयार आहे. पण किल्ली एकच आहे, आणि ती खणातून काढून मी या पाकिटात घातली आहे.

तुझाच,
बाबूजी